मे महिन्यात घाम काढणारा योग नको

नागपुरात उन्हाळ्यात योगवर्ग घेणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं. या दिवसांत साधना कमी करा. बंद नको, पण निम्म्यावर आणा. सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज 108 सूर्यनमस्कारांची आव्हानं फिरताहेत. सूर्यनमस्कारांवर माझं फार प्रेम आहे. पण त्यांचे मोठे संकल्प आपल्याकडे रथसप्तमीला होतात, म्हणजे माघात, हवेत गारवा असताना. पारा 45 वर गेल्यावर हा अट्टहास कशासाठी?

"मॅडम, घाम नाही निघाला तर काही केल्यासारखं वाटतच नाही," असं वर्गातल्या एक काकू म्हणाल्या. काकू, मे महिन्यात शरीर सकाळपासून स्वतःला थंड ठेवायलाच राबत असतं. आपली त्वचा साधारण 35 अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा त्याहून तापली की ती आपल्या अंगातली उष्णता घेत नाही, उलट आपल्यालाच देते. मग घाम वाळणं एवढा एकच मार्ग उरतो. त्यात भस्त्रिका, जोरकस कपालभाती असे झपाझप श्वासाचे प्रकार आणि सूर्यनमस्कारांची आवर्तनं करून आतून आणखी उष्णता तयार केली, तर ती जाणार कुठे?

आपल्याकडे हवा कोरडी, घाम लगेच उडतो, किती पाणी गेलं ते कळतही नाही. मुंबई-कोकणात घाम वाहतो पण वाळत नाही, तेही तितकंच वाईट. एप्रिल 2023 मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने 14 माणसं गेली, तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता.

वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात हे केव्हाच सांगून ठेवलंय. बलवान आणि तूप-दूध खाणाऱ्या माणसानेही थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, आणि 'मन्दमेव ततोऽन्यदा', एरवी मंदच. ग्रीष्मात तर व्यायाम आणि ऊन दोन्ही टाळायला तो सांगतो. आपल्यातले निम्मे जण बीपीच्या नाहीतर शुगरच्या गोळ्यांवर आहेत. आपण वाग्भटाच्या पहिलवानापेक्षा जास्त का करायचं?

मग करायचं काय? साडेपाचच्या सुमारास उजाडतं, त्या वेळी गच्चीवर किंवा खिडकीजवळ बसा. मार्जारासन (मांजरासारखी पाठ वर-खाली), शशांकासन (वज्रासनात पुढे वाकून कपाळ जमिनीला), लोडावर पाठ टेकून आणि तळपाय जुळवून सुप्त बद्धकोनासन, भिंतीला पाय लावून विपरीत करणी. आधार घेणं म्हणजे कमीपणा, हा समज सोडा. योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात लोड, खुर्ची, दोर यांच्या आधारानेच किती तरी जणांना आसनं शिकवली. शवासन मात्र दहा मिनिटांपेक्षा कमी नको. माझ्या मते उन्हाळ्यात तेच मुख्य आसन, आणि लोक नेमके तेच सोडून चपला घालतात.

हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथातल्या आठ कुंभकांत, म्हणजे प्राणायामाच्या प्रकारांत, सूर्यभेदन आणि भस्त्रिका आहेत, तशा शीतली आणि सीत्कारीही आहेत. सध्या पहिल्या दोन बाजूला ठेवा. शीतलीत जिभेची नळी करून तोंडाने श्वास आत, नाकाने बाहेर. जिभेची नळी प्रत्येकाला जमत नाही, ते जन्मजातही असतं. त्यांनी दात हलके मिटून फटीतून श्वास घ्यावा, ती सीत्कारी. आठ-दहा आवर्तनं पुरेत, श्वास कोंडायची गरज नाही. तोंडाने घेतलेली हवा नाकातून गाळून येत नाही, म्हणून रस्त्याकाठी, धुळीत करू नका. भर दुपारीही नको, झळा आत ओढल्या तर घसाच कोरडा पडेल. दमा, सर्दी किंवा बीपी कमी असणाऱ्यांनी टाळावी.

पण शीतली केली की ऊन लागत नाही, असं कुणी सांगत असेल तर कृपा करून विश्वास ठेवू नका. तिने जीभ-टाळू गार लागते, श्वास संथ होतो, चिडचिड उतरते. अंगातून गेलेलं पाणी आणि मीठ ती भरून देत नाही. त्यासाठी माठातलं पाणी, ताक, पन्हं आणि बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा. आणि सकाळी अकराला सिमेंट कालवायला उभ्या राहणाऱ्या माणसाला प्राणायाम सुचवणं मला अजिबात पटत नाही. त्याला दुपारची सुट्टी, सावली आणि गार पाणी हवं, आणि ते देणं त्याला कामावर ठेवणाऱ्याचं काम आहे.

कुणी उन्हात असंबद्ध बोलायला लागलं, कातडी चटका बसेल इतकी तापली किंवा शुद्ध हरपली, तर 108 ला फोन करा. तोवर सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आमचा वर्ग नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपेपर्यंत असाच मंद चालेल. सूर्यनमस्कार मृगानंतर, दोन-तीन चांगले पाऊस पडून हवा उतरली की पाच-पाचने वाढवू. ज्यांना आत्ताच जोरात करायचंय, त्यांनी रागावू नका, पण मी घेणार नाही.