बर्ड फ्लू समुद्री मासळीतून येतो का? नाही

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्रुपांवर सध्या मेलेल्या सीलचा फोटो फिरतोय: ‘समुद्रात बर्ड फ्लू, बाजारातली सुरमई-बांगडा खाऊ नका.’ 2006 मध्ये नवापूरने कोंबड्यांची साथ सोसली आहे, त्यामुळे घबराट समजू शकते. पण हा दावा चुकीचा आहे.

एच5एन1 या बर्ड फ्लूच्या विषाणूने 2023 मध्ये पेरू-चिलीत हजारो सी लायन (सीलसारखे समुद्री सस्तन प्राणी) आणि अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सीलची बहुतेक पिल्लं मारली, हे खरं. मात्र हा विषाणू पक्ष्यांचा आणि सस्तन प्राण्यांचा. आजारी समुद्री पक्ष्यांची विष्ठा किनाऱ्यावर पडते, मेलेले पक्षी सी लायनच्या तोंडी लागतात. पुढे विणीच्या हंगामात अंगाला अंग लागून पडलेल्या कळपात श्वासातून, नाकातोंडाच्या स्रावातून तो पसरत जातो. माशांना तो होत नाही. आणि नीट शिजवताना, 70 अंशांपुढे, विषाणू टिकतही नाही.

आपल्याकडे खरी काळजी बर्फाची. किनाऱ्यापासून इथवरच्या प्रवासात बर्फ कमी पडला, तर बांगडा-कुपा (ट्यूना) यांत हिस्टामाइन हा त्रासदायक पदार्थ तयार होतो आणि तो शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं. घेताना कल्ला उचलून बघा: लालभडक हवा, तपकिरी-चिकट असेल तर घेऊ नका.