म्हापशाच्या श्वानप्रेमींना उत्तर

‘छोट्या जातीचा कुत्रा घेताय? आधी आपलं घड्याळ बघा’ या माझ्या लेखावर (जात निवडण्याआधी घरातल्यांचा दिनक्रम बघा, असं त्यात लिहिलं होतं) ‘श्वानप्रेमी, म्हापसा’ अशी सही करून एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा: लेखकाने इकडचं तिकडचं वाचून पुस्तकी ज्ञान पाजळलं आहे. गोव्यात कुठे दिल्लीसारखा उन्हाळा असतो? माझा पग म्हापशात सात वर्षं एसीशिवाय मजेत आहे. लांब केसांच्या शित्झू जातीबद्दल उगाच भीती घातली आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कुत्रा कुठे ठेवणार हा मुद्दा हास्यास्पद. गावठी पिल्लं रस्त्यावर गाड्यांखाली येत असताना जातिवंत कुत्र्यांवर लेख लिहायला लाज कशी वाटत नाही? आणि वर लावलेला फोटो दुकानाच्या जाहिरातीसारखा आहे.

शेवटचं आधी घेतो. टोपलीत बसवलेल्या पिल्लाचा फोटो बघून माणूस भुलतो आणि लेख नेमका न भुलण्याबद्दल होता, हे मान्य. फोटो बदलतो. बघा, चांगलं सुचवलं तर ऐकतो मी. पण ‘लाज कशी वाटत नाही’ ही काय भाषा झाली? समोरासमोर, बाजारात भेटलो असतो तर असं बोलला असता का? मतभेद असू द्यात, पण ज्याच्या ओट्यावर बसून बोलतो त्याच्याशी कसं बोलावं एवढं तरी आपल्याकडे शिकवतात.

आता ‘पुस्तकी’. डिचोलीच्या आमच्या जुन्या घरात कुत्रा नाही असा काळ मला आठवत नाही. सकाळी पाव विकणाऱ्या पदेराच्या सायकलचा भोंपू वळणावर वाजला की आमचा पांढरा पोमेरेनियन सोप्यावरून असा काही ओरडत सुटायचा की अर्ध्या वाड्याला गजराची गरज नसे. पुढे पर्वरीला फ्लॅटमध्ये आलो. गल्फला निघालेल्या एका नातेवाइकाने आपला पग आमच्याकडे सोपवला. हो, पगच. तेव्हा पग कसा असतो हे मला कोणी पीडीएफ पाठवून शिकवलेलं नाही.

मे महिन्यातली संध्याकाळ होती. ऊन उतरलं म्हणून त्याला खाली नेला. भर दुपारी नव्हे, साडेपाचला. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येताना तो जिन्यापाशी बसला आणि उठेचना. जीभ नेहमीची गुलाबी नव्हती, जांभळट पडली होती. कडेला घट्ट फेस. श्वास घेताना गळ्यातून ओल्या लाकडावर करवत चालवल्यासारखा आवाज. वॉचमनच्या नळाचं साधं पाणी त्याच्या पोटावर, कानांवर, मांड्यांच्या आत ओतत राहिलो, कोणीतरी टेबलफॅन खाली आणला, आणि मग गाडीत घालून डॉक्टरांकडे पळालो. तो वाचला. डॉक्टरांनी त्याचं नाक उजेडात धरून मला दाखवलं. नाकपुडी म्हणून जी होती ती एक उभी चीर होती, श्वास आत घेताना तीही मिटत होती. पुढे ऑपरेशन करून ती रुंद करून घ्यावी लागली. याला पुस्तक म्हणायचं असेल तर म्हणा.

‘दिल्लीसारखा उन्हाळा नाही’ हे वाक्य तर मला गोव्यात इतक्यांदा ऐकवलं गेलं आहे की त्यावर नीट लिहिणं भाग आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, थोडाफार येतो तो पंजाच्या गादीला. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो, म्हणजे जीभ, तोंड आणि नाकाच्या आतला ओलावा वाऱ्यावर उडवून. हा ओलावा उडायला हवा कोरडी लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे फारसा जात नाही, पण दोरीवरचा टॉवेल रात्रभर दमटच राहतो. टॉवेल वाळत नाही त्या हवेत कुत्र्याची जीभ कशी वाळणार? पारा बघून निश्चिंत होणारा गोवेकर इथेच फसतो. त्यात पगचं थोबाड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून आखूड केलेलं. हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मापाने कमी झालं नाही. टाळूचा मऊ पडदा लांब, नाकातल्या गुंडाळ्या कोंबलेल्या, नाकपुड्या अरुंद. थंड व्हायचं यंत्रच चेपलेलं, आणि वर हवा आपली.

आता तुमचा पग ‘मजेत’ असण्याबद्दल. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या कुत्र्यांना आखूड थोबाडामुळे होणारा श्वासमार्गाचा विकार असल्याचं दिसून आलं, त्यांच्या मालकांना विचारलं, तुमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास आहे का? 58 टक्के मालक नाही म्हणाले. कुत्रा घोरतो, घुरघुरतो, बसल्या बसल्या झोपतो हे त्यांना ‘या जातीचं असंच असतं’ असं वाटत होतं. आपला तो बाब्या, दुसरं काय! तिकडे नेदरलँड्समध्ये 2019 पासून फार आखूड थोबाडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर सरकारने कडक निकष लावले. आपल्याकडे 2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग मुलामागे पळाला आणि घराघरांत पग आला. त्या आधी किती जणांनी पग प्रत्यक्ष पाहिला होता?

मी लेखात पग घेऊ नका असं लिहिलेलंच नाही, हे तुम्ही लक्षातही घेतलं नाहीत. लिहिलं होतं ते एवढंच की घरातली सगळी माणसं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बाहेर असतील, वीज गेल्यावर बंद फ्लॅटमधला पंखा चालू ठेवायला इन्व्हर्टर नसेल, तर पगचा विचार सोडा. तुमच्या घरी दिवसभर माणूस असेल, खिडक्या उघड्या राहत असतील, तळमजला असेल. मग तुमचा पग तुमच्या घराला जुळतो. माझा मुद्दा तोच होता की! जात आधी आणि दिनक्रम नंतर, ही उलटी गंगा मला थांबवायची होती. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) वापरता ना? गळ्यावर ओढ बसू देऊ नका, एवढं मात्र पुस्तकातलं असलं तरी ऐका.

शित्झूची भीती मी घातली नाही, पावसाने घातली. त्याचे केस वाढतच राहतात, जून ते सप्टेंबर पोटाखालचे केस ओले राहिले की गुंते होतात, आत कातडी लाल होते, आणि पाऊस ओसरला की गोचिडी. केस बारीक कापून ठेवा, रोज पुसा, प्रश्न मिटतो. ज्याला रोज पुसायला वेळ नाही त्याने घेऊ नये. यात भीती कसली?

गावठी पिल्लांचा विषय वेगळा आहे, त्या लेखाचा नव्हता. मिशन रेबीजवाले भटक्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचायला येतात तेव्हा आमच्या बिल्डिंगखाली जाळी धरायला कोण उभं असतं, ते येऊन बघा आणि मग लाज काढा. जातिवंत पिल्लू घ्यायचंच असेल तर कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, हेही मी त्याच लेखात सांगितलं होतं. तुमच्या नजरेतून ते सुटलं असावं.

राहिली चवथ. तुम्हाला ती हास्यास्पद वाटली. पणजी, पर्वरी, वास्कोचे निम्मे फ्लॅट चवथीला कुलूप लावून गावाला जातात. मूळ घरात पंचवीस-तीस माणसं, माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट) बांधलेली, सोवळं-ओवळं पाळणारी आजी, अंगणात गावचे चार कुत्रे आपली हद्द राखून, आणि फटाके. या गर्दीत तीन किलोचा पोमेरेनियन किंवा चिहुआहुआ घेऊन जाणार की शहरात शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवणार? मांडीवर बसण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेला प्राणी पाच-सात दिवस बंद खोलीत ठेवला तर तो खाणं सोडू शकतो. कुत्रे सांभाळणारे बोर्डिंगवाले गणपतीच्या आधीच ‘जागा नाही’ म्हणतात. हा प्रश्न पिल्लू घरी आणायच्या आधी घरात बसून सोडवायचा, म्हणून लिहिला. तुमच्याकडे गणपती दीड दिवसाचा असेल तर तुम्ही सुटलात. आमचा सात दिवसांचा असतो.