अंधारपटातले नाटक

मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान तणावात, हल्ला झाल्यास काय करायचे याची देशभर मॉक ड्रिल झाली, त्या आठवड्यात ओळखीचे एक गृहस्थ नाटकाची दोन तिकिटे परत करायला निघाले होते आणि "सीमेवर जवान लढत असताना नाटके कसली बघता?" असे त्यांनी मलाही सुनावले. त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, पण हा युक्तिवाद मला पटत नाही, कारण मी 1971 चा डिसेंबर बडोद्यात पाहिला आहे.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि आम्ही दांडिया बाजारात राहत होतो. 3 डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि लगोलग अंधारपट आला. कोयलीची रिफायनरी शहरालगतच असल्यामुळे मोठी माणसे जरा जास्तच धास्तावली होती. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद लागले. दत्तजयंती नुकतीच होऊन गेलेली असल्याने चांदणे मात्र लख्ख पडे आणि खळीने कागद चिकटवणारे आजोबा त्या चंद्रावरच चिडत.

आमच्याकडच्या हौशी मंडळींचे नाटक आधीच ठरलेले होते. ते रद्द न करता त्यांनी रात्रीचा प्रयोग दुपारी तीनवर आणला. तिसरी घंटा चारला झाली, कारण वेळेवर सुरुवात न करण्याची आमची परंपरा युद्धापुढेही नमली नाही. साहजिकच तिसरा अंक दिवेलागणीनंतर होणार होता आणि उजेड बाहेर दिसता कामा नये म्हणून रंगमंचामागचा काळा पडदा काढून हॉलच्या झरोक्यांवर ठोकण्यात आला. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या कारकुनाच्या दिवाणखान्यामागे, काळ्या पडद्याआड झाकलेल्या रंगवलेल्या पडद्यावरचा कमानी, हंड्या-झुंबरे आणि कारंजे असलेला राजवाडा उभा राहिला. भाडे थकल्याचे वाक्य आले तेव्हा पहिल्या रांगेपासून हशा उसळला आणि कारकुनालाही तो आवरेना. रोज संध्याकाळी अंधारात रेडिओला कान लावून बसणारी, मुलगा सैन्यात असलेल्या शेजारच्या काकूंसह सगळी माणसे त्या वेळी डोळे पुसत हसत होती. मध्यंतरात जवानांसाठी फिरवलेल्या डब्यात सर्वांत आधी पैसे टाकले होते ते याच काकूंनी. त्यांना कोणी बेपर्वा म्हणावे, असे मला वाटत नाही.

त्या गृहस्थांची तिकिटे मीच घेतली आणि ताईला घेऊन गेलो. पडदा उघडताच तिने आधी मागचे नेपथ्य न्याहाळले.