सनशाइन स्टेशन आणि सायकल कोळपं

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या टार्नीट भागात आता मराठी घरं दिसू लागली आहेत. तिथून शहरात जाणारी गाडी सनशाइन स्टेशनवरून जाते. या उपनगराचं जुनं नाव ब्रेब्रुक जंक्शन. १९०७ साली ते बदललं आणि एका कापणी यंत्राचं नाव गावाला लागलं. ह्यू व्हिक्टर मॅके यांचं ‘सनशाइन हार्वेस्टर’ इथल्या कारखान्यात तयार व्हायचं. शेतीच्या अवजारांच्या पेटंटांनी या देशात काय घडवलं आणि काय बिघडवलं, हे इथे राहून समजून घेता येतं. म्हणून महाराष्ट्रात अधूनमधून डोकं वर काढणाऱ्या एका मागणीबद्दल लिहावंसं वाटतं.

मागणी अशी: शेतकरी, लोहार, गॅरेजवाले जे छोटे शोध लावतात, त्यांना मोठ्या पेटंटची चाळणी लावू नका. नुसती नोंदणी केली की काही वर्षांचा हक्क मिळेल, असं ‘छोटं पेटंट’ भारतात आणा. कायद्यात याला युटिलिटी मॉडेल म्हणतात. केंद्राच्या तेव्हाच्या औद्योगिक धोरण विभागाने २०११ साली त्यावर चर्चापत्रही काढलं होतं. मागणीमागची कळकळ खरी आहे. तरीही माझं मत आहे की हे आणू नये, कारण ऑस्ट्रेलियाने ते वीस वर्षं करून पाहिलं आणि शेवटी बंद केलं.

मे २००१ मध्ये इथे ‘इनोव्हेशन पेटंट’ सुरू झालं. मुदत ८ वर्षं. अर्जातले रकाने नीट भरलेले असले की पेटंट मिळायचं. शोध खरोखर नवा आहे का, याची तपासणी फक्त कोणी मागितली तरच, म्हणजे सहसा कोर्टात जायची वेळ आली तर. त्याच वर्षी मेलबर्नच्या एका वकिलाने या व्यवस्थेतलं भोक दाखवण्यासाठी ‘वर्तुळाकार वाहतूक सुलभीकरण साधन’ नावाचा अर्ज केला. त्याला पेटंट मिळालं. साधन म्हणजे चाक. बहुतेक इनोव्हेशन पेटंटांची तपासणी कधी झालीच नाही, आणि मोठ्या कंपन्या प्रतिस्पर्ध्याला अडवायला त्यांचा वापर करू लागल्या. २०१६ साली सरकारच्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने ही पद्धत मोडीत काढायची शिफारस केली. २५ ऑगस्ट २०२१ नंतर नवे अर्ज बंद झाले.

शेवटच्या दोन वर्षांत अर्जांचा जो लोंढा आला, त्यात भारतातून आलेले अर्ज पुष्कळ होते. त्यांतले बरेचसे महाविद्यालयीन प्राध्यापकांचे, एकेका अर्जावर पाच-सात नावं असलेले. बढतीच्या गुणपत्रकात ‘आंतरराष्ट्रीय पेटंट’ ही ओळ त्यातून भरता येत होती. ज्या शेतकऱ्याच्या नावाने छोट्या पेटंटची मागणी होते, तो या लोंढ्यात नव्हता. भारतात असं पेटंट आलं तर पहिल्या वर्षी रांगेत कोण उभं राहील, हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची शेतीची पेटंटं मात्र वेगळी होती. त्यातलं एक आज महाराष्ट्रातल्या गावागावांत फिरतं: ट्रॅक्टरमागे लावून माती उकरणारं रोटाव्हेटर. आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड न्यू साउथ वेल्समध्ये उमेदवारी करणारा तरुण होता. वडिलांची शेती गिलगांड्राला. १९१२ साली त्याने तिथे फिरत्या पात्यांनी जमीन खणून पाहिली. नांगराने जमीन दाबली जाते तशी ती यात दाबली जात नव्हती, पण पाती उकरलेली माती बाजूला फेकत होती. त्यावर त्याने काढलेला उपाय असा: दांडा कमी व्यासाचा, त्यावर दूरदूर बसवलेल्या चकत्या म्हणजे फ्लँज, आणि त्यांना इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पाती. मधे महायुद्ध आलं. पेटंट झालं १९२० साली, कंपनी उभी राहिली १९२२ साली.

एल आकाराने नेमकं काय साधतं? पात्याचा उभा भाग मातीचा काप घेतो आणि आडवा भाग तो काप तळातून सोडवतो. आजच्या रोटाव्हेटरवर साधारणपणे एका फ्लँजला सहा पाती असतात, तीन डावी आणि तीन उजवी. दांडा मिनिटाला २०० फेरे घेत असेल, तर एका बाजूला मिनिटाला ६०० काप पडतात. ट्रॅक्टर ताशी ३ किलोमीटरने चालला तर मिनिटाला ५० मीटर जातो, म्हणजे एक काप सुमारे ८ सेंटिमीटरचा. तोच ताशी ५ किलोमीटरने पळवला की काप १४ सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि ढेकळं राहतात. याच्या उलट, वाफसा नसताना हळू चालवून दोन-तीनदा फिरवलं की मातीचं पीठ होतं. काळ्या जमिनीत पात्याच्या टोकाखाली, १०–१२ सेंटिमीटरवर, घट्ट थर तयार होतो आणि पावसाचं पाणी तिथेच अडतं.

पाती बदलताना डावं-उजवं चुकलं, तर पात्याची धार पुढे न येता पाठ मातीवर आपटते. यंत्र उड्या मारतं, बोल्ट सैल होतात. दोन्ही टोकांच्या फ्लँजवर सगळी पाती आत तोंड करून हवीत, नाहीतर ती बाजूच्या पत्र्याला घासतात. आणि पाती दांड्याभोवती मळसूत्रासारखी, थोड्या थोड्या अंतराने पुढेमागे बसवावी लागतात, म्हणजे एका वेळी एक-दोनच पाती मातीत शिरतात. सगळी एकदम शिरली तर प्रत्येक फेऱ्याला गिअरबॉक्सला दणका बसेल.

हा सगळा तपशील सांगायचं कारण आहे. ‘फिरत्या दांड्यावर बसवलेली पाती’ एवढ्याच गोष्टीवर हक्क सांगितला असता तर तो टिकला नसता. वाफेवर चालणारी फिरती खोदयंत्रं एकोणिसाव्या शतकातच होऊन गेली होती. टिकण्यासारखी गोष्ट होती ती पात्याचा आकार, फ्लँजमधलं अंतर आणि दांड्याचा व्यास यांच्या मेळात. ऑस्ट्रेलियाच्या १९०३ च्या कायद्यात शोध नवा आहे का हे तपासलं जायचं आणि हक्क १४ वर्षांचा असायचा. भारतातल्या १९११ च्या कायद्यातही मुदत सुरुवातीला १४ वर्षांचीच होती. तपासनीस आडवा येणार हे माहीत असलं की माणूस आपल्या शोधाचा गाभा शोधून काढतो. ही शिस्त छोट्या शोधकालाच सर्वांत जास्त उपयोगी पडते, कारण पुढे त्याला तो हक्क कोणाला तरी विकायचा असतो.

हेन्टी गावच्या हेडली टेलरचं उदाहरण त्यासाठी पाहावं. त्याने ‘हेडर’ कापणी यंत्र बांधलं, पेटंट घेतलं, आणि १९१६ साली मॅकेने हक्क विकत घेऊन यंत्र आपल्या सनशाइनच्या कारखान्यात घेतलं. टेलरही उत्पादनावर देखरेख करायला तिथेच गेला. खरेदी करणाऱ्याला काय मिळतंय हे स्पष्ट असल्याशिवाय असा व्यवहार होत नाही.

आता सायकल कोळपं घेऊ. हे तण काढायचं हातअवजार: जुन्या सायकलचं पुढचं चाक, हँडल, मागे पास म्हणजे तण कापणारं पातं. महाराष्ट्रात शेकडो वेल्डिंगवाल्यांनी ते बनवलंय आणि ‘याला पेटंट मिळायला हवं’ असं वारंवार ऐकू येतं. फिलाडेल्फियाच्या एस. एल. ॲलन कंपनीच्या ‘प्लॅनेट ज्युनिअर’ मालेत एकचाकी आणि दुचाकी हातकोळपी शंभर वर्षांपूर्वी छापील कॅटलॉगमधून विकली जात होती. तेव्हा नुसत्या चाकावरच्या कोळप्याला पेटंट नाही, आणि नसावंच. छोट्या पेटंटच्या पद्धतीत मात्र कोणीतरी ते नोंदवेल आणि राहुरी-बारामतीच्या इतर वेल्डिंगवाल्यांना नोटिसा पाठवेल. नोटीस आलेला माणूस वकील गाठण्यापेक्षा कोळपं बनवणं बंद करेल. हक्क तपासलेला नाही, हे त्याला कोण सांगणार?

त्याच कोळप्यावर कोणी फवारणी पंप बसवला तर? भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(फ) नुसार, माहीत असलेली साधनं नुसती एकत्र मांडली आणि प्रत्येक आपापलं काम स्वतंत्रपणे करत राहिलं, तर तो शोध ठरत नाही. कोळपं तण काढतं, पंप औषध मारतो, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पण चाकाच्या आसावरून पंप असा चालवला की चालणारा हळू गेला किंवा भरभर गेला तरी दर मीटरला पडणारं औषध तेवढंच राहतं, तर तो संबंध हाच शोध. तोही आधी कोणी केलेला नसेल तर. अर्जात लिहायचं ते हेच: चाकाचा परीघ किती, एका फेऱ्यात पंपाचा दट्ट्या किती वेळा चालतो, एका ठोक्याला किती मिलिलिटर, वळणावर पंप सोडवायचा कसा. आकृतीतल्या प्रत्येक भागाला आकडा, आणि मजकुरात तोच आकडा. हे वाचून दुसऱ्या गावच्या कारागिराला यंत्र बनवता आलं नाही, तर अर्ज अपुरा आहे.

‘पेटंट महाग आहे’ हा मुद्दा अर्धाच खरा आहे. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर सध्या सरकारी शुल्क १,६०० रुपये, तपासणीच्या विनंतीचं ४,००० रुपये. खरा खर्च मसुदा लिहून देणाऱ्याचा. आधी तात्पुरतं स्पेसिफिकेशन (शोधाचं लेखी वर्णन) देऊन तारीख धरता येते, मग पूर्ण स्पेसिफिकेशनला १२ महिने मिळतात. बरेच अर्ज मरतात ते तपासणीची विनंती न केल्याने. २०२४ पासून त्यासाठी पहिल्या तारखेपासून ३१ महिने आहेत. ती राहिली की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. १८ महिन्यांनी अर्ज नुसता प्रसिद्ध होतो, आणि तेवढ्यावरच ‘पेटंट मिळालं’ म्हणून सत्कार होतात. डिझाइन नोंदणीलाही लोक पेटंट म्हणतात. तिच्यात फक्त दिसणारा आकार येतो, यंत्राचं चालणं येत नाही.

माझ्या मताविरुद्धचा सर्वांत भक्कम दाखला जर्मनीचा आहे. तिथे युटिलिटी मॉडेल १८९१ पासून चालू आहे. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ यांनी पितळी भांड्याला भोकं पाडून, मुलाच्या वहीतला टीपकागद घालून कॉफी गाळली आणि २० जून १९०८ रोजी त्याची नोंद त्याच मार्गाने झाली. त्यातून कंपनी उभी राहिली. हे मला मान्य आहे. पण तिथे नोंद खोटी वाटली तर कार्यालयाकडेच ती रद्द करून मागता येते, आणि तसं करणारे सक्षम उद्योग आसपास असतात. आपल्याकडे तो भार वेल्डिंगच्या दुकानावर पडेल.

इथल्या कायद्यातून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. ऑस्ट्रेलियात शोधकाने स्वतः शोध जाहीर केला, तरी त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण अर्ज करता येतो. भारतात ही सवलत कलम ३१ खाली मुख्यतः सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती आहे. गावच्या कृषी मेळाव्यात यंत्र मांडलं, किंवा त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला, की त्या क्षणी नावीन्य संपतं. महाराष्ट्रातला शोधक सगळ्यात आधी हेच करतो, कारण गिऱ्हाईक तिथेच भेटतं. चळवळ करायची असेल तर या कलमासाठी करावी: व्यक्तीने स्वतः केलेल्या कोणत्याही जाहीर प्रात्यक्षिकाला १२ महिन्यांची सवलत, आणि सोबत प्रत्येक कृषी विज्ञान केंद्रात स्पेसिफिकेशनचा मसुदा लिहून देणारा एक माणूस.