भिंतीला हात लावू नका

दिवाळीच्या तोंडावर बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रंगारी आला, त्यानं खरवडायला पत्रा काढला आणि पुतणी आडवी आली. "काका, ती ओल माझं काम आहे."

काम पावसाचं होतं, गच्चीतून झिरपलेलं. पण ती फाइन आर्ट्‌सला शिकते. जुलैपासून रोज सकाळी साडेसातला स्टँड उभारून ओलीचा एक फोटो. तेवढा वेळ तिथून कुणी जायचं नाही. माझा दाढीचा आरसा त्याच भिंतीवर होता. होता.

बडोद्यात आमच्या पिढीची कला म्हणजे रविवर्मा. पाहुण्यांना लक्ष्मीविलास राजवाड्यात न्यायचं, सरस्वतीपुढे नकळत हात जोडायचे आणि बाहेर येऊन शेव-उसळ हाणायची. भिंतीवर चित्र असतं एवढं कळतं, भिंतच चित्र?

तिनं लगेच बडोद्याचे चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट यांचा दाखला काढला. १९६७ पासून ते खेडोपाडी हिंडले, बायकांनी भिंतींवर काढलेली चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या कॅमेऱ्यात टिपत. चित्रं पुसली गेली, फोटो उरले.

"पण त्या बायकांनी आधी भिंत सारवली होती ना?" स्वयंपाकघरातून आवाज आला. ह्या प्रश्नाला अजून उत्तर आलेलं नाही.

मी म्हटलं, मी जन्मभर खतावण्या लिहिलेला माणूस, मला काय कळणार? तर म्हणे, चित्रकार भूपेन खक्करही हिशेबनीसच! १९६२ साली मुंबईहून बडोद्याला आले, नोकरीत हिशेब सांभाळून चित्रं काढली. १९७२ च्या एका चित्राचं नाव चक्क 'जनता वॉच रिपेअरिंग'. इथे मी विरघळलो. हिशेबनिसाला चित्रकारांच्या पंगतीत कुणी बसवत नाही हो.

मग ओलीकडे नीट पाहिलं. आषाढात नुसतं काठियावाड होतं, गणपतीत वर कच्छ जोडला गेला, आता स्वारी स्विचबोर्डाकडे निघाली आहे. कडेला पांढरा खार फुटलाय, मिठासारखा. परवा एक पोपडा माझ्या चहात पडला. तिनं तो चमच्यानं काढून, पुसून, तारीख घालून पाकिटात ठेवला. चहाचं कुणी विचारलं नाही.

शेवटी रंगाऱ्यानं ओलीभोवती पट्टी चिकटवून चौकोन सोडला आणि बाकीची भिंत रंगवली. बिल आलं, तेव्हा मी तेवढे फूट वजा करायला पेन काढलं.

"ना काका," तो म्हणाला, "रंगवायला दहा मिनिटं लागली असती. सोडायला अर्धा दिवस गेला. त्याचे जास्त."