पगारासाठी नर्स झालो, मग?

आमच्या गावाकडच्या ग्रुपवर परवा एकाने टाकलं की पोरं सरकारी खर्चात नर्सिंग शिकतात आणि लंडनला पळतात, सेवाभाव म्हणून काही उरलाच नाही. खाली अंगठ्यांची रांग. मी इंग्लंडात लेस्टरला मेडिकल वॉर्डात नर्स आहे, त्यामुळे टोमणा कुणाला होता हे कळायला फार डोकं लागलं नाही.

तर सांगूनच टाकतो, मी सेवेसाठी नर्स झालो नाही. बारावीला मार्क बेताचे, एमबीबीएस सोडा, बीएएमएसची फीसुद्धा घरी झेपणारी नव्हती, आणि मामाच्या ओळखीतल्या एका ब्रदरला, म्हणजे पुरुष नर्सला, सिव्हिलला परमनंट ऑर्डर मिळून त्याचं दोन मजली घर झालेलं. जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा, फॉर्म मी ते घर बघून भरला. दुसरं कारण आज्जा. त्यांना लकवा मारला तेव्हा नाईटच्या ब्रदरने आम्हाला दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाच नि माकडहाड लाल झालंय का कसं बघायचं ते शिकवलं, आज्जांना बेडसोर झाला नाही, आणि मला वाटलं की हे काम आपल्याला जमेल. बस, एवढंच. भावकीत "पोरगा नर्स?" म्हणून बरीच करमणूक झाली ती वेगळी. (पुढे एम्सने नर्सभरतीत ८०:२० आणलं, ८० टक्के जागा बायकांना, तेव्हा आमच्या बॅचची पोरं कपाळाला हात लावून बसली.)

सेवाभाव म्हटलं की लोक मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या सिस्टरांचं नाव काढतात, आणि काढावंच. १९७३ पासून २०१५ पर्यंत त्यांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या आपल्याच सहकारी नर्सला, अरुणा शानबागला, सांभाळलं, सिस्टरांच्या पिढ्या बदलल्या. पण केईएम महापालिकेचं, तिथल्या सिस्टरांना पक्की नोकरी होती, महिन्याला पगार होता, पाठीशी युनियन होती. पगार घेऊन जीव लावता येतो याला अजून कुठला पुरावा पाहिजे?

मला पहिल्या प्रायव्हेट हॉस्पिटलात नऊ हजार मिळायचे, नाईटला अख्खा मजला माझ्या एकट्यावर, आणि पगाराचं काढलं की मॅनेजर म्हणायचे ही सेवा आहे बाळा. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच म्हटलं होतं की ५० पेक्षा कमी बेडच्या हॉस्पिटलातसुद्धा नर्सला निदान २० हजार द्या. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या हिशेबाने साध्या हॉस्पिटलात ५ पेशंटमागे एक नर्स हवी. कागदावर सगळं आहे हो.

इथे स्वर्ग आहे असं अजिबात नाही. माझ्याकडे आठ पेशंट असतात, साडेबारा तासांची लाँग डे, त्यातला ब्रेक बिनपगारी, आणि थंडीत कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर म्हातारी माणसं तासन्‌तास पडलेली, ते बघवत नाही. पण घरचा बॉयलर बिघडलाय, पैसे लागणार म्हणून जास्तीची शिफ्ट घेते असं माझ्यासोबतची गोरी बाई स्टाफरूममध्ये सरळ सांगते आणि कुणी तिच्या सेवाभावाची चौकशी करत नाही. हां, कौतुकाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे सारखंच. तुम्ही मार्च २०२० मध्ये थाळ्या वाजवल्या, इथे दर गुरुवारी रात्री आठला टाळ्या. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या, डिसेंबरात इथल्या, आणि दोन्हीकडे टाळ्यावालेच विचारायला लागले की पेशंटचं काय.

तो मे मधला संप कशासाठी होता ते ग्रुपवर कुणाला आठवत नाही. नर्सच्या जागा खासगी एजन्सीकडून कंत्राटावर भरायच्या, त्याच्या विरोधात होता. माझ्या बॅचची निम्मी पोरं अजून अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर आहेत, लग्नाच्या बायोडेटात काय लिहायचं हा त्यांचा खरा प्रश्न. मलाही तशीच ऑर्डर मिळत होती. परमनंट मिळाली असती तर मी परदेशी नोकरीसाठी लागणाऱ्या ओईटी या इंग्रजीच्या परीक्षेचा क्लास लावलाच नसता, मामाच्या त्या ब्रदरच्या शेजारी प्लॉट बघितला असता.