थॉमस भारतात आला होता का? ‘येऊ शकत होता’ आणि ‘आला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

३ जुलैला संत थॉमसचा सण असतो, मराठी बायबलातला थोमा, आणि त्या सुमारास व्हॉट्सअॅपवर दोन ठरलेले फॉरवर्ड फिरायला लागतात. एकात असतं की येशूचा हा शिष्य इसवी सन ५२ मध्ये केरळात उतरला, सात चर्चेस स्थापन केली, पुढे मैलापूरला (आजच्या चेन्नईत) भाल्याने मारला गेला, आणि हा सगळा सिद्ध झालेला इतिहास आहे. दुसऱ्यात असतं की हे सगळं पोर्तुगीजांनी रचलेलं थोतांड आहे. मला विचाराल तर दोघांनाही पुरावा बघायचा नाहीये, आपला निकाल आधीच लावून ठेवलाय आणि आता फक्त दुसऱ्याला गप्प करायचंय.

आता मुळात आहे काय ते बघू. नव्या करारात थोमाच्या संदर्भात भारताचा भ पण नाही. त्याला भारतात आणणारा सगळ्यात जुना मजकूर म्हणजे ‘थोमाची कृत्ये’, साधारण तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा, बहुधा एदेसाच्या बाजूला (आजच्या तुर्कस्तानातलं उर्फा) सिरियाक भाषेत लिहिलेला. म्हणजे घटनेनंतर दीडशेच्या वर वर्षं गेलेली. आणि कथा कसली भन्नाट आहे, थोमा जायला तयार नाही म्हणून येशू स्वतः त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला गुलाम म्हणून विकतो, तिकडे गुंदाफर राजा त्याला महाल बांधायला पैसे देतो, हा ते पैसे गोरगरिबांना वाटून टाकतो आणि राजाला सांगतो की तुझा महाल स्वर्गात बांधून तयार आहे. पुढे बोलणारं गाढवाचं पिल्लूही येतं. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापर्यंत बऱ्याच विद्वानांनी हा राजाही काल्पनिकच धरला होता.

आणि मग नाणी सापडली! १८३० च्या दशकात चार्ल्स मॅसन अफगाणिस्तानात हजारोंनी जुनी नाणी गोळा करत होता, त्यात एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत गोंडोफर्नेस हे नाव, म्हणजे कथेतला तोच गुंदाफर. पुढे तख्त-इ-बाहीचा (आजच्या पाकिस्तानात) शिलालेख मिळाला, त्याच्या कारकिर्दीचं २६ वं वर्ष आणि संवत १०३, हा संवत बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वी ५७-५८ पासूनचा धरतात, त्या हिशोबाने इसवी सन ४६ च्या आसपास येतो. म्हणजे राजा खरा, काळही अगदी बरोब्बर बसतोय. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पण खुर्चीत सरसावून बसलो होतो, खोटं कशाला बोला.

पण नाण्याने सिद्ध काय झालं? एवढंच की एदेसाच्या बाजूच्या त्या लेखकाला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पार्थियन राजाचं नाव माहीत होतं. ते कळायला थोमाच यायला हवा होता असं काही नाही, व्यापारी त्या वाटेने कायम जात-येत होते. आपल्याकडे बखरी वाचणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, बखरीत किल्ल्याचं नाव खरं, किल्लेदार खरा, म्हणून देवीने स्वप्नात येऊन दिलेला दृष्टांत काही इतिहास होत नाही. राजवाडे उगाच अस्सल कागदासाठी गावोगाव फिरले का? आणि समजा कृत्यांवर विश्वास ठेवायचाच, तर गोंडोफर्नेसचं राज्य गांधार-तक्षशिलेकडे, केरळात नव्हे. थोमाला मारवणाऱ्या राजाचं नावही मज्दाय, इराणी वळणाचं, त्यात तमिळ काही दिसत नाही. त्यामुळे केरळवाल्या फॉरवर्डमध्ये पुरावा म्हणून ही नाणी टाकतात तेव्हा मला हसूच येतं, अरे तो राजा दोन हजारांहून जास्त किलोमीटरवर आहे!

केरळची परंपरा स्वतंत्र आहे आणि ती मी हलकी समजत नाही. रोमन जहाजं पहिल्या शतकात मान्सूनच्या वाऱ्यावर थेट मुझिरिस या केरळच्या जुन्या बंदराला मिरी न्यायला येत होती, रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय, पेरिप्लस या ग्रीक समुद्री मार्गदर्शिकेत आहे, दुसऱ्या शतकातला मुझिरिसच्या मालाचा कर्जाचा पपायरस पण मिळालाय. पॅलेस्टाईनमधल्या एखाद्या माणसाला अलेक्झांड्रियामार्गे इकडे येणं सहज शक्य होतं. शक्य होतं! पण ५२ हे साल, त्या सात चर्चेसची यादी, हे आपल्याला मिळतं ते फार उशिराच्या साधनांत. गाणी, पाठांतर, घराण्यांच्या आठवणी यातून एखादी गोष्ट टिकू शकते, पण साल टिकत नाही, आणि लोक नेमके सालालाच धरून बसतात.

मग पोर्तुगीजांनी रचलं म्हणणाऱ्यांचं काय? ते तर सरळ चूक आहेत. चौथ्या शतकात सेंट एफ्रेम लिहितो की थोमाच्या अस्थी भारतातून एका व्यापाऱ्याने एदेसाला आणल्या, ३८४ च्या सुमारास एगेरिया नावाची यात्रेकरू बाई तिथे दर्शनाला जाऊन येते, तेराव्या शतकात मार्को पोलो तमिळ किनाऱ्यावरच्या थोमाच्या कबरीबद्दल लिहितो. वास्को द गामा १४९८ चा! पोर्तुगीजांनी १५२३ मध्ये मैलापूरला खणलं, अस्थी मिळाल्याचं जाहीर केलं, कथेला भरपूर मालमसाला लावला, हे सगळं मान्य, पण बीज त्यांचं नाही.

अस्थींचं तर विचारूच नका. एदेसाहून त्या खिऑस बेटावर गेल्या, तिथून १२५८ मध्ये इटलीत ओर्तोनाला, आणि त्यातला एक तुकडा १९५३ मध्ये केरळात कोडुंगल्लूरला आणला. मैलापूरला कबर आहेच. खुद्द चर्चमध्येही हा विषय मिटलेला नाही, २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे एका भाषणात म्हणाले की थोमा पश्चिम भारतापर्यंत आला आणि तिथून ख्रिस्ती धर्म दक्षिणेत पोचला, तर केरळात एवढी नाराजी झाली की व्हॅटिकनच्या साइटवरचा मजकूर बदलावा लागला.

माझं मत असं की थोमा स्वतः आला का हे सध्याच्या पुराव्यावर ठरत नाही, वायव्येकडे आला असेल असं म्हणायला थोडी जागा आहे, दक्षिणेसाठी त्याहून कमी. आणि केरळच्या ख्रिश्चनांचं जुनेपण त्याच्यावर मुळीच अवलंबून नाही. कोल्लमचे ८४९ चे ताम्रपट बघा, तिथल्या चर्चला जमीन आणि हक्क दिलेत आणि साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपीत आहेत. याला म्हणतात अस्सल कागद. यातली एक सही मला त्या ५२ सालापेक्षा जास्त वजनदार वाटते.

आपल्या जवळचं उदाहरण सांगतो. चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस लिहितो की पँटेनस नावाचा शिक्षक दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ‘इंडिया’ला गेला तर तिथे येशूचा दुसरा एक शिष्य बार्थोलोम्यू याने ठेवलेलं मत्तयाचं शुभवर्तमान लोकांकडे आधीच होतं. त्या काळचे लेखक येमेन आणि इथिओपियालाही इंडिया म्हणत, तरी एवढ्यावरून बार्थोलोम्यूला थेट कल्याण बंदरात उतरवणारे लोक आहेत. आता गंमत बघा, सहाव्या शतकात कोस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा व्यापारी सांगतो की ‘कल्लिआना’ इथे पर्शियातून नेमलेला बिशप आहे, आणि बहुतेक अभ्यासक हे आपलंच कल्याण मानतात. म्हणजे शिवाजी महाराजांच्या हजारेक वर्षं आधी कल्याणला बिशप! यावर कधी कुणाचा फॉरवर्ड आलाय? यावर मराठीत नीट कुणी काही लिहिलं असेल तर मला पाठवा, वाचायचंय.